एलईडी फिटिंग लावण्याआधीच टेबलावर किती लक्स पडणार ते कसं काढायचं

लाईटवाला हॉलमध्ये येतो, एकदा वर बघतो, चारी बाजूंनी नजर फिरवतो आणि सांगून मोकळा होतो, "वीस वॅटच्या पंधरा पट्ट्या टाकू, लख्ख होऊन जाईल." आणि पहिल्या संध्याकाळी खरंच लख्ख वाटतं, कारण आधी तिथे टोकाला काळ्या पडलेल्या जुन्या ट्यूबा होत्या. तक्रारी सुरू होतात दीड-दोन वर्षांनी, आणि तोवर लाईटवाल्याचं बिलही निघालेलं असतं आणि त्याचा नंबरही लागत नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की उद्घाटनाच्या दिवशीचा उजेड बघून डिझाईन करायचं नसतं, पाचव्या वर्षी टेबलावर किती उरणार ते धरून करायचं असतं. आणि ते आधी काढता येतं, कागदावर, साध्या कॅल्क्युलेटरवर. सॉफ्टवेअर नंतर.

उदाहरण अभ्यासिकेचं घेऊ. पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ भागात गल्लोगल्ली आहेत, आता तालुक्याच्या गावीही झाल्यात, पोरं दहा-दहा बारा-बारा तास पुस्तकात डोकं घालून बसतात, त्यामुळे इथे उजेडाचं गणित चुकलं की थेट डोळ्यांवर येतं. आपला हॉल धरू १२ मीटर बाय ८ मीटर, स्लॅब ३.२ मीटरवर, टेबलाची उंची पाऊण मीटर म्हणजे ०.७५. लाईट रोज १४ तास, वर्षाला ३६० दिवस.

आधी टार्गेट ठरवा. वाचन-लिखाणाला ३०० ते ५०० लक्स हा पट्टा धरून चालायचं. आतल्या लाईटिंगसाठी आपल्याकडे आयएस ३६४६ हा कोड आहे, त्यात कुठल्या कामाला किती ते मिळतं, मोठं काम असेल तर तो उघडून बघाच. आपण सगळ्या हॉलला ३०० धरू आणि ज्याला जास्त हवं त्याला टेबलावर वेगळा छोटा लाईट. पण हे ३०० पाचव्या वर्षाच्या शेवटी मिळायला हवेत, पहिल्या दिवशी नव्हे, हे कोटेशन मागतानाच लिहून टाका.

आता ल्युमेन. फिटिंगमधून एकूण बाहेर पडणारा उजेड म्हणजे ल्युमेन, आणि एक चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. वॅट हा विजेचा आकडा आहे, उजेडाचा नाही, तरी अजून अर्धं मार्केट वॅटवरच बोलतं. बरं, ल्युमेनमध्येही एक गोम आहे. काही कॅटलॉगमध्ये छापलेले ल्युमेन हे नुसत्या चिपचे, म्हणजे आत उजेड देणाऱ्या एलईडीच्या ठिपक्यांचे असतात, फिटिंगचे नाहीत. वरचा दुधाळ डिफ्युझर, म्हणजे कव्हर, दहा-वीस टक्के सहज खातो, चिप गरम झाली की अजून थोडे जातात, म्हणजे २,४०० छापलेले असले तरी बाहेर २,००० च येतात. म्हणून एलएम-७९ या चाचणीचा रिपोर्ट मागायचा, त्यात पूर्ण फिटिंग जसंच्या तसं लॅबमध्ये लावून, तापून स्थिर झाल्यावर मोजलेलं असतं. भारतीय कोडमध्ये त्याला आयएस १६१०६ आहे. रिपोर्ट द्यायला जो विक्रेता आठवडाभर टोलवाटोलवी करतो त्याच्याकडे तो नसतो असं समजून पुढे जा.

आणि इथेच जुन्या लोकांची एक सवय मोडावी लागते. ट्यूबच्या काळात ट्यूबचे ल्युमेन वेगळे आणि फिटिंगची एफिशियन्सी वेगळी, दोन्हींचा गुणाकार करायचा. एलईडीत चिप आणि फिटिंग एकच, मोजमापही एकत्रच, त्यामुळे एलएम-७९ चा आकडा घेतल्यावर परत फिटिंगची एफिशियन्सी लावली तर तोच तोटा दोनदा मोजला जातो आणि फुकटच्या चार-पाच पट्ट्या जास्त लागतात.

आपण धरू २० वॅटची चार फुटी पट्टी, रिपोर्टप्रमाणे २,००० ल्युमेन.

हॉल किती उजेड खातो

फिटिंगमधून निघालेले सगळे ल्युमेन टेबलावर येत नाहीत. काही भिंतीवर जातात, काही छताला, त्यातले काही परत येतात, बाकी गेले. टेबलापर्यंत किती पोचले ते सांगणारा आकडा म्हणजे युटिलायझेशन फॅक्टर, आपण यूएफ म्हणू. तो हॉलच्या आकारावर आणि रंगावर ठरतो.

आकारासाठी रूम इंडेक्स काढायचा. लांबी गुणिले रुंदी, भागिले फिटिंगची टेबलापासूनची उंची गुणिले लांबी-रुंदीची बेरीज. आपली उंची ३.२ वजा ०.७५ म्हणजे २.४५. तर ९६ भागिले (२.४५ गुणिले २०), म्हणजे ९६ भागिले ४९, उत्तर १.९६, दोनच धरा. हॉल जेवढा पसरट तेवढा इंडेक्स मोठा आणि तेवढा उजेड भिंतीत कमी वाया जातो. अरुंद उंच खोलीत उलटं.

रंगासाठी छत ७० टक्के, भिंत ५०, जमीन २० टक्के उजेड परत फेकते असं धरायची पद्धत आहे. पांढरा डिस्टेंपर, फिकट भिंती, साधी फरशी असेल तर ठीक. मग कंपनीच्या तक्त्यात रूम इंडेक्स २ आणि ७०-५०-२० च्या खाली यूएफ वाचायचा. दुधाळ कव्हरच्या पट्टीला तो साधारण ०.७० येतो. सपाट पॅनेलला जास्त येतो कारण पॅनेलचा उजेड बराचसा खालीच जातो, पट्टीचा बाजूलाही फाकतो. पण मालकाने मध्येच ठरवलं की भिंतींना चॉकलेटी टेक्स्चर मारायचं, तर ०.७० चा ०.६३ च्या आसपास होतो, म्हणजे दहा टक्के उजेड रंगाऱ्याने नेला. त्यामुळे रंग ठरल्याशिवाय लाईटचं गणित पक्कं करू नका, आणि ठरल्यावर पेंटरच्या मागे उभे राहा.

मेंटेनन्स फॅक्टर, जो कोणी लावत नाही

सगळा खेळ इथे आहे. पहिल्या दिवशीच्या उजेडातला पाचव्या वर्षी किती उरणार, ते सांगणारा हा आकडा. तो काढायला चार आकडे लागतात.

पहिला, एलईडीचा स्वतःचा ऱ्हास. एलईडी सहसा एकदम विझत नाही, हळूहळू मंदावतो. कंपनी लिहिते 'एल७० ५०,००० तास', म्हणजे ५०,००० तासांनी सुरुवातीच्या ७० टक्के उजेड उरतो. आपले पाच वर्षांचे तास किती? १४ गुणिले ३६० गुणिले ५, म्हणजे २५,२००. ऱ्हास सरळ रेषेत नसतो पण घातांकी धरला तर ०.७ चा (२५,२०० भागिले ५०,०००) वा घात, उत्तर ०.८४ च्या जवळ. म्हणजे पाच वर्षांत १६ टक्के गेले, ते सुद्धा सगळं नीट चाललं तर.

आता हे ५०,००० कुठून आले ते बघायला हवं, कारण पाच वर्षं आठ महिने लाईट सतत जाळून कोणी मोजत बसलेलं नसतं. चिप बनवणारा एलएम-८० नावाची चाचणी करतो, कमीत कमी ६,००० तासांची, वेगवेगळ्या तापमानाला. मग टीएम-२१ नावाच्या ठरलेल्या रीतीने उजेड उतरण्याचा वक्र पुढे ओढायचा. पण ओढायला मर्यादा आहे, वीसेक किंवा जास्त नमुने तपासले असतील तर चाचणीच्या सहापट, त्यापुढे नाही. ६,००० तास तपासलं तर ३६,००० पर्यंतच बोलता येतं, ५०,००० म्हणायचं तर साडेआठ हजार तासांच्या आसपास चाचणी हवी. आणि कोणी बॉक्सवर १,००,००० तास छापले असतील तर चाचणी सोळा-सतरा हजार तासांची हवी, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. दुकानदाराला रिपोर्टचे तास विचारा फक्त, चेहरा बघण्यासारखा होतो.

आणखी एक, एलएम-८० चिपची असते, तुमच्या फिटिंगची नाही. चिप ८५ अंशाला तपासली आणि तुमच्या स्वस्त पातळ पत्र्याच्या पट्टीत ती १०० अंशाला चालत असेल तर तो रिपोर्ट फ्रेम करून भिंतीला लावा. म्हणून चांगला सप्लायर फिटिंगमध्ये चिपजवळ थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, लावून तापमान घेतो आणि तो आकडा देतो, मोठ्या ऑर्डरला तो मागायचा हक्क आहे तुमचा.

दुसरा आकडा धुळीचा. रस्त्याकडेची अभ्यासिका, वर पंखे, फिटिंग सहा महिन्यांनी पुसणार असं मालक म्हणतो (म्हणतो). ०.९० धरा. वर्षभर कोणी हात लावणार नाही याची खात्री असेल तर अजून कमी. तिसरा, भिंती-छत मळण्याचा, ०.९५.

चौथा तापमानाचा. लॅबमध्ये फिटिंग २५ अंशाच्या हवेत मोजतात. आपल्याकडे चंद्रपूर-नागपूरला मे महिन्यात बाहेरच ४५ च्या वर जातं, स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली त्याहून वाईट. उजेड दोन ते पाच टक्के उतरतो, मी ०.९७ धरतो. चटका उजेडापेक्षा ड्रायव्हरला, म्हणजे चिपला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटला, जास्त बसतो, त्यावर खाली येतो.

चौघांचा गुणाकार ०.८४ × ०.९० × ०.९५ × ०.९७ म्हणजे ०.७०.

आता शेवटचं गणित. लागणारे ल्युमेन म्हणजे ३०० लक्स गुणिले ९६ चौरस मीटर, भागिले (यूएफ ०.७० गुणिले मेंटेनन्स ०.७०). २८,८०० भागिले ०.४९, आले ५८,७७६. भागिले २,००० म्हणजे २९.४, तर ३० पट्ट्या.

लाईटवाल्याच्या पंधरा आठवा. त्याने २८,८०० ला सरळ २,००० ने भागलं, १४.४ आले, पंधरा केले. त्याच्या पंधरात पहिल्या दिवशी १५ × २,००० × ०.७० भागिले ९६, म्हणजे २१९ लक्स मिळतात आणि पाचव्या वर्षी १५३. आपल्या ३० त पहिल्या दिवशी ४३७ आणि पाचव्या वर्षी ३०० च्या थोडं वर. दुप्पट फिटिंग बघून मालक दचकतो हे खरं, पण लोड बघा, ३० × २० म्हणजे ६०० वॅट, वर्षाला ३,०२४ युनिट. सुरुवातीचा जास्तीचा उजेड नको असेल तर डिम होणारे ड्रायव्हर घ्या, पहिल्या वर्षी सत्तर टक्क्यांवर चालवा आणि दरवर्षी थोडं वाढवत न्या, वीजही वाचते आणि चिपही थंड राहते. छोट्या कामात हा खर्च सहसा कोणी करत नाही, पण चौदा-चौदा तास चालणाऱ्या जागेला विचार करण्यासारखा आहे.

मांडणी, आणि पंख्याची भानगड

३० पट्ट्या ६ बाय ५ मध्ये बसतात. १२ मीटरच्या बाजूने सहा, दर २ मीटरला, आणि ८ मीटरच्या बाजूने पाच, दर १.६ ला. भिंतीपासून पहिली पट्टी निम्म्या अंतरावर, म्हणजे १ मीटर आणि ०.८. दोन फिटिंगमधलं अंतर भागिले उंची, २ भागिले २.४५ म्हणजे ०.८२. कंपनी जी मर्यादा देते ती पट्टीला सव्वा ते दीडच्या आसपास असते, आपण खूप आत आहोत, म्हणजे मध्ये काळपट पट्टे पडणार नाहीत. सरासरी ३०० असून चालत नाही, कमीत कमी जागेचा लक्स सरासरीच्या ०.६ तरी हवा, नाहीतर खिडकीकोपऱ्यातल्या पोराला १५० आणि मधल्याला ४५० असा न्याय होतो.

आता पंखे. हे परदेशी गाईडमध्ये सापडणार नाही. आपल्याकडे पट्टी स्लॅबला चिकटवलेली आणि पंख्याचं पातं तिच्या फूट-दीड फूट खाली, मग फिरणारं पातं उजेड कापत राहतं आणि वहीवर सावली फडफडते. लक्स मीटर छान आकडा दाखवतो आणि खाली बसणाऱ्याचं डोकं दुखतं. १२०० मिलिमीटरच्या पंख्याचा घेर कागदावर गोल काढून घ्या आणि एकही पट्टी त्या गोलाच्या वर येऊ देऊ नका, चार पट्ट्यांच्या मधल्या चौकात पंखा बसवा. ते जमत नसेल तर पट्ट्या साखळीने पात्यांच्या खाली, २.६ मीटरवर टांगा. मग उंची १.८५ होते, रूम इंडेक्स २.६, यूएफ थोडा वाढतो, अंतराचं गुणोत्तर १.०८ होतं, अजूनही चालतं. फक्त उंच पोरांचा आळस देताना हात पट्टीला लागणार नाही ना ते बघा.

दुसरी भानगड केबिनची. हल्ली प्रत्येक सीटला तीन बाजूंनी प्लाय लावतात, टेबलाच्या वर दीड फूट. वरचं सगळं गणित रिकाम्या हॉलचं आहे, त्यात ही प्लाय नाही. तिरका येणारा उजेड प्लाय अडवते, वर सनमायका गडद असेल तर खाऊन टाकते, आणि समोरच्या कडेला जिथे पुस्तक टेकवतात तिथेच सावली. केबिन असेल तर एकतर सनमायका पांढरट घ्या आणि प्रत्येक केबिनमध्ये ४-५ वॅटची छोटी पट्टी पुढच्या कडेला लावा, किंवा मग सॉफ्टवेअरमध्ये केबिन मॉडेल करूनच आकडा काढा. हाताच्या गणितावर केबिनचं वचन देऊ नका कुणाला.

सॉफ्टवेअर वापरताना

डायलक्स फुकट मिळतं, रिलक्स पण आहे. त्यात कंपनीची आयईएस फाईल टाकायची, ती फिटिंग कुठल्या दिशेला किती उजेड फेकते त्याची फाईल असते. टाकण्याआधी ती नोटपॅडमध्ये उघडून बघा, दोन मिनिटांचं काम. 'टिल्ट' वाली ओळ शोधा, तिच्या खालच्या ओळीत पहिला आकडा दिव्यांची संख्या, दुसरा दर दिव्याचे ल्युमेन, तिसरा गुणक. एलईडीत दुसऱ्या जागी उणे १ असेल तर मोजमाप पूर्ण फिटिंगचं आहे, उत्तम. तिसरा गुणक बहुतेक १ असतो, तिथे १.२ दिसला तर का ते विचारा, कारण तो बदलला की सगळ्या रिपोर्टमध्ये आपोआप वीस टक्के उजेड वाढतो. त्याच्या पुढच्या ओळीत शेवटी वॅट असतात, ते तुमच्या मॉडेलचेच आहेत ना ते ताडून घ्या. दुसऱ्याच कंपनीची फाईल नाव बदलून पाठवण्याचे प्रकार चालतात.

मग मेंटेनन्स फॅक्टर. सॉफ्टवेअर स्वतःहून ०.८० धरतं, तुम्ही बदललं नाही तर तसंच राहतं. रंगीत सुंदर रिपोर्ट येतो, पण तुमची धूळ आणि तुमचे १४ तास त्यात नसतात. आपला ०.७० टाका. लक्स टेबलाच्या उंचीवर, ०.७५ वर मोजायला सांगा, जमिनीवर नाही. आणि झगझगाटाचा आकडा, यूजीआर, वाचनाच्या जागेला १९ च्या आत हवा. उघड्या चिपच्या पट्ट्या यात नापास होतात, दुधाळ कव्हर उजेड खातं पण डोळे वाचवतं.

ड्रायव्हर

बहुतेक फिटिंग चिप मंदावून मरत नाहीत, ड्रायव्हर उडून मरतात. आतला इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर उष्णतेने सुकतो, तापमान दहा अंश वाढलं की आयुष्य साधारण निम्मं असा ढोबळ नियम आहे. त्यामुळे ५०,००० तास चिपचे आणि ड्रायव्हरची वॉरंटी दोन वर्षं असेल तर तुमच्या गणितात दोनच वर्षं धरा. फिटिंगवर किती अंश हवेपर्यंत चालेल ते छापलेलं असतं, ४५ किंवा ५० चं घ्या. ३० पैकी २ बंद पडल्या तर सरासरी सातच टक्के उतरते, पण त्या दोघांखाली बसलेल्यांचं काय, म्हणून त्याच लॉटच्या तीन-चार जास्तीच्या घेऊन ठेवा, नंतर तोच रंग मिळत नाही.

डीओबी (ड्रायव्हर ऑन बोर्ड) प्रकारात वेगळा ड्रायव्हरच नसतो, सगळं चिपच्याच प्लेटवर. स्वस्त असतात, पण व्होल्टेज हललं की बऱ्याच डीओबींचा उजेड हलतो आणि सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण जाणवतं. मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा, पट्टे धावताना दिसले की परत करा. वाचनाच्या जागी मी डीओबी लावू देत नाही, जिन्याला आणि बाथरूमला चालतात.

सगळ्या ३० एकाच एमसीबीवर (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) घेऊ नका. चालू असताना ६०० वॅटला अडीच-तीन अँपियरच लागतो पण बटण दाबल्या क्षणी सगळे ड्रायव्हर मिळून जो झटका ओढतात त्याने एमसीबी उडू शकतो. एका एमसीबीवर किती ड्रायव्हर चालतात ते डेटाशीटमध्ये असतं. तीन सर्किट करा आणि खिडकीकडची रांग वेगळी ठेवा, दिवसा ती बंद राहील.

मोजून घेणे

काम झालं की अंधार पडल्यावर, लाईट अर्धा तास तापल्यावर मोजायचं. मोबाईलचं ॲप नको, साधा का होईना लक्स मीटर आणा. रूम इंडेक्स १ ते २ असेल तर निदान १६ जागा, २ ते ३ असेल तर २५. आपण काठावर आहोत, २५ घ्या. हॉलचे सारखे चौकोन पाडून प्रत्येकाच्या मध्यावर, टेबलाच्या उंचीला मीटर आडवा ठेवून, स्वतःची सावली पडू न देता. सगळ्यांची सरासरी काढा.

आणि इथे फसू नका. मीटरने ३१० दाखवले की लाईटवाला म्हणतो "बघा, ३०० मागितले होते, दहा जास्तच दिले." नव्या कोऱ्या, पुसलेल्या फिटिंगला ३१० म्हणजे पाचव्या वर्षी २२० च्या आत, कदाचित त्याहून कमी. पहिल्या दिवसाची तुलना ४३७ शी करायची. मीटरची चूक, व्होल्टेज, हॉलमधलं सामान धरून दहा टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ३९० च्या वर आलं तर काम पास. त्याखाली आलं तर आधी पॉवर मीटरने एका पट्टीचे वॅट मोजा, वीसच्या पट्टीत सोळा निघाले की कारण सापडलं.

ते २५ आकडे एका कागदावर लिहून, तारीख टाकून डीबीच्या, म्हणजे एमसीबीच्या पेटीच्या, दाराला आतून चिकटवा. सहा महिन्यांनी एका पट्टीखाली मोजा, मग तीच ओल्या फडक्याने पुसून कोरडी करून परत मोजा. दोन्हींचा भागाकार हा तुमच्या हॉलचा खरा धुळीचा आकडा. ०.९० च्या वर आला तर गणित बरोबर चाललंय, ०.८० आला तर पुसायची पाळी तीन महिन्यांवर आणा.